कोणाच्या तालमीतली?

कैरोच्या नावाजलेल्या नर्तकींना 'नाच कोणाकडे शिकलात?' असं विचारलं की पूर्वी उत्तर जवळजवळ ठरलेलं असायचं. कोणाकडेच नाही. घरात आई-मावश्यांचं बघून, गल्लीतल्या लग्नांत नाचून आलं, अंगातच होतं. याच नर्तकी पुढे न्यूयॉर्क, बर्लिन, टोकियोला कार्यशाळा घ्यायला जाऊ लागल्या, तेव्हा समोर जमलेल्या बायकांना या उत्तराचा काडीचा उपयोग नव्हता. त्यांच्या अंगात ते नव्हतं आणि गल्लीतही नव्हतं. मिळेल ते शिकवणाऱ्याच्या हातून. बेली डान्समध्ये गुरूचं स्थान असं दोन टोकांना टांगलेलं आहे. एका टोकाला गुरू असूनही त्याचं नाव घेतलं जात नाही, दुसऱ्या टोकाला त्याच्या सहीचं प्रमाणपत्र चौकटीत बसवून भिंतीवर लावलं जातं.

या आढाव्यात इजिप्त मध्यभागी आहे आणि त्याच्या जोडीला कॅलिफोर्निया. तुर्कस्तान आणि लेबनॉनच्या शैलींना स्वतंत्र लेख हवा. त्या इथे कोंबण्यात अर्थ नाही. जगभरातले आजचे बहुतेक वर्ग मागे मागे जात या दोन मुळांपाशी पोचतात, एवढं कारण मला पुरेसं वाटतं. माझं म्हणणंही आधीच सांगून टाकते. या नाचातल्या शैली पावलं शिकवणाऱ्यांनी जितक्या घडवल्या, त्याहून जास्त त्या नाचायला रोजची जागा देणाऱ्यांनी घडवल्या. आज शिकवणारे उदंड झालेत. जागा आटल्यात.

जुन्या काळापासून सुरुवात करू. एकोणिसाव्या शतकातल्या इजिप्तमध्ये धंदेवाईक नाचणाऱ्यांचे ढोबळमानाने दोन वर्ग होते. घरंदाज बायकांच्या मेळाव्यात गाणाऱ्या 'अवालिम' आणि रस्त्यावर, जत्रांत, अंगणांत नाचणाऱ्या 'गवाझी'. एडवर्ड लेन या इंग्रजाने 1836 च्या आपल्या ग्रंथात दोघींचं सविस्तर वर्णन केलं आहे. त्याच्या दोनच वर्षं आधी मुहम्मद अलीच्या राजवटीने कैरोतल्या सार्वजनिक नाचावर बंदी घालून नाचणाऱ्यांना दक्षिणेकडे, एस्ना-केना-अस्वानकडे पिटाळलं होतं. बंदी पुढे सैल झाली. शहरात परतलेला हा धंदा मुहम्मद अली रस्त्याच्या आसपास वसला. गंमत अशी, की रस्त्याला नाव त्याच राज्यकर्त्याचं.

या रस्त्यावर वाद्यं बनवणारे, वाजवणारे, गाणारे आणि नाचणाऱ्या शेजारीशेजारी राहायच्या. ताफ्याची प्रमुख बाई म्हणजे 'उस्ता'. लग्नाची सुपारी घ्यायची, मुली जमवायच्या, वाजवणारे ठरवायचे, पैशांची वाटणी करायची, कोणी आगाऊपणा केला तर दम द्यायचा, ही सगळी तिची कामं. आपल्याकडच्या तमाशातली फडमालकीण डोळ्यांसमोर आणली की उस्ता वेगळी समजावून सांगावी लागत नाही. डच अभ्यासक करिन व्हॅन न्यूकर्क यांनी 1995 च्या आपल्या पुस्तकात या रस्त्यावरच्या बायकांच्या कामाचं जे चित्र रेखाटलं आहे त्यात 'शिकवणी' असा वेगळा प्रकार जवळपास नाहीच. मुलगी सोबत जायची, बघायची, मागे उभी राहायची, हळूहळू पुढे यायची. चुकली तर कार्यक्रमातच चुकायची.

तरीही या बायांनी शिकवलं नाही असं म्हणणं चुकीचं ठरेल. शमादान घ्या. लग्नाच्या वरातीत नर्तकी डोक्यावर पेटत्या मेणबत्त्यांचं मोठं झुंबर घेऊन चालते, ते शमादान. हे डोक्यावर ठेवलं की मान, खांदे, छाती आपोआप शिस्तीत येतात. सगळी हालचाल कमरेखाली उतरते. गुडघा जरा कडक झाला की झुंबर हेलकावतं, मेण कपाळावर ओघळतं. मग जमिनीवर बसायचं, आडवं व्हायचं, आणि वर ज्योत स्थिर ठेवून खाली कंबर फिरवत राहायची. झूबा अल-क्लोबातिया ही शमादानाची नामांकित नर्तकी. तिच्याकडून ते नादिया हमदीकडे आलं आणि नादियाकडून परदेशी विद्यार्थिनींकडे गेलं. या साखळीत 'आता खांदे हलवू नका' असं कोणी ओरडून सांगितलं असेल-नसेल, झुंबराने मात्र नक्कीच सांगितलं.

गवाझींचं शेवटचं नाव म्हणून लक्सरच्या खैरिया माझिनकडे बोट दाखवलं जातं. माझिन बहिणींचा ताफा त्यांचा बाप चालवायचा. एकेक बहीण संसाराला लागून नाच सोडत गेली, खैरिया उरली. मग तिच्याकडे शिकायला कोण आलं? अमेरिकन आणि युरोपीय बायका. घरातली विद्या घरात न राहता विमानाने निघून गेली. याचा खेद करावा की समाधान मानावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता बदिया मसाबनी. हिच्यावर थांबायलाच हवं. शाम प्रांतातून, म्हणजे आजच्या सीरिया-लेबनॉनकडून आलेली ही नटी-गायिका. तिने 1926 मध्ये कैरोत स्वतःचा रंगमहाल काढला आणि 1940 मध्ये ऑपेरा चौकाजवळ त्याहून मोठा 'कसिनो ऑपेरा'. एका रात्रीत गाणी, विनोदी प्रवेश, जादू, परदेशी नाच, समूहनृत्य असं सगळं. प्रेक्षक म्हणजे कैरोतले उच्चभ्रू, युरोपीय, महायुद्धात छावणीला असलेले सैनिक. तोवर बायकांच्या दालनात किंवा अंगणात, चहूबाजूंनी माणसं बसलेली असताना होणारा हा नाच बदियाने समोरच्या बाजूने बघायच्या रंगमंचावर चढवला. त्यामुळे हात खांद्यांच्या वर गेले, पावलं मंचभर फिरू लागली, समूहाच्या रांगा आल्या.

बदिया स्वतः नाचायची, पण तिची खरी शिकवण मालकिणीची होती. तिने नृत्यरचनाकार नेमले. आयझॅक डिक्सन हे त्यातलं नेहमी घेतलं जाणारं नाव. बॅले, लॅटिन नाच यांची तोंडओळख मुलींना तिथेच झाली. आधी समूहात उभं करायचं, एखादी चमकली की एकटीला पुढे आणायचं, प्रेक्षकांनी उचलून धरलं तर जाहिरातीत नाव. नाहीतर पुन्हा रांगेत. फरीद अल-अत्राशसारखा गायक-संगीतकारही सुरुवातीच्या काळात तिच्याच मंचावर होता, तेव्हा मुलींच्या कानावर रोज काय दर्जाचं संगीत पडत असेल ते वेगळं सांगायला नको.

या एकाच मंचावरून दोन अशा नर्तकी निघाल्या की त्यांची गुरू एक हे कोणाला खरं वाटू नये. तहिया कारियोका आणि सामिया गमाल. 'कारियोका' हे नावच मुळी 1933 च्या एका अमेरिकन चित्रपटाने गाजवलेल्या ब्राझिली नाचावरून तिला चिकटलं. पण तिची ख्याती मात्र जागेवरच्या नाचाची. समीक्षक-विचारवंत एडवर्ड सईद यांनी शाळकरी वयात तिला प्रत्यक्ष पाहिलं होतं आणि 1990 मध्ये तिच्यावर लेख लिहिला. त्यांच्या लक्षात राहिलं ते तिचं संथपण: पोशाख भडक, आणि नाचणारी मात्र जवळपास जागची हलत नाही. सामियाचं सगळं उलट. ती मंचभर तरंगायची, हात लांब पसरायची, ओढणी घेऊन यायची. 1949 च्या 'अफ्रीता हानिम'मध्ये फरीद अल-अत्राशसोबत तिला बघितलं की हे चटकन कळतं. बदियाने दोघींना एकाच साच्यात घातलं असतं तर आज आपल्याला एकच नाव आठवलं असतं. तिला रोज रात्री वेगवेगळा माल विकायचा होता, म्हणून तिने दोघींना वेगवेगळं राहू दिलं. चांगली शिक्षिका म्हणून तिची जी कीर्ती आहे तिच्या मुळाशी गल्ल्याचा हिशेब आहे असं म्हटलं तर तिच्या भक्तांना राग येईल, पण मला ते कौतुकाचंच वाटतं.

नाइमा आकेफचं तालीमघर वेगळं होतं: सर्कस. तांतामध्ये 1929 साली सर्कसवाल्या कुटुंबात जन्म, लहानपणापासून कसरती, मग कैरोचे मंच आणि चित्रपट. तोल सावरण्यात आणि अंग वळवण्यात ती तिच्या पिढीत उजवी. 1966 मध्ये ती गेली. तिच्याच कुटुंबातले इब्राहिम आकेफ पुढे कैरोतले जाणते शिक्षक झाले. आधीच्या स्टार नर्तकी आणि नंतरच्या परदेशी विद्यार्थिनी या दोघींना जोडणारा दुवा म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं.

आणि सुहैर झकी? तिला गुरू नाही. मन्सूरात जन्म, अलेक्झांड्रियात वाढली, रेडिओ ऐकत आणि सिनेमे बघत नाचली. थोर गायिका उम्म कुल्सूमच्या गाण्यांवर नाचण्याचं धाडस पहिल्यांदा केलं ते तिने, असं मानलं जातं. 1964 च्या 'इंता उमरी'सारख्या भरगच्च, लांबलचक रचनेवर नाचायचं म्हणजे तालाला कंबर देऊन भागत नाही. व्हायोलिनचा ताफा एक सांगत असतो, कानून हे तंतुवाद्य मधूनच काही बोलून जातं, ताल खाली मुकाट चाललेला असतो. यातलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं? सुहैरने घेतलं थोडं आणि नेमकं. तिच्यासमोर शिक्षक नव्हता हे खरं, पण रेडिओ होता, आणि रेडिओवर त्या काळातलं अरबी संगीत होतं. इतका चांगला गुरू पुढच्या कित्येक पिढ्यांना मिळाला नाही.

महमूद रेदांची गोष्ट तर याहून उफराटी. बेली डान्सच्या शिक्षकांवर सर्वांत खोल ठसा ज्या माणसाचा आहे त्याने बेली डान्स बाजूला ठेवण्यापासूनच सुरुवात केली होती. 1930 साली जन्मलेले रेदा मूळचे जिम्नॅस्ट. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये इजिप्तकडून उतरलेले. अमेरिकन संगीतपटांतल्या जीन केली, फ्रेड अस्टेअरचे चाहते. 1959 मध्ये भाऊ अली रेदा आणि फरिदा फहमी यांच्यासोबत त्यांनी ताफा उभा केला. सुरुवातीला सहा मुली, सहा मुलगे, सगळी शिकली-सवरलेली. फरिदाचे वडील प्राध्यापक. मुलीला मंचावर नाचू देणारा प्राध्यापक ही त्या कैरोत केवढी मोठी गोष्ट असेल! राजेशाही उलथवणाऱ्या क्रांतीनंतरच्या इजिप्तला स्वतःचा, परदेशी पाहुण्यांना अभिमानाने दाखवता येईल असा नाच हवा होता आणि तो रेदांकडे होता. ताफा लौकरच सरकारी झाला. 1960 च्या दशकातल्या दोन रंगीत चित्रपटांनी तो घराघरांत पोचवला.

रेदांनी उघडं पोट झाकलं, एकटीचा नाच समूहात नेला, गिरक्या, टाचा उचलून घेतलेल्या चाली, लांब रेषांचे हात आणले. गावोगाव हिंडून बघितलेलं मंचासाठी नव्याने रचलं. ते स्वतः याला लोकनृत्य म्हणवत नसत, लोकनृत्यावरून सुचलेलं म्हणत. शिष्यांनी मात्र हा फरक गाळून टाकला. 'मलाया लफ' हे याचं ठळक उदाहरण. अलेक्झांड्रियातल्या बायका बाहेर पडताना जी काळी चादर गुंडाळायच्या, ती लचकत-मुरडत सोडायची-आवळायची असा हा नाच. मंचासाठी रेदांनी रचलेला. आज सेऊलपासून ब्युनोस आयर्सपर्यंत तो 'अलेक्झांड्रियाचं पारंपरिक लोकनृत्य' म्हणून शिकवला जातो, त्याच्या वेगळ्या स्पर्धा होतात. गुरूने सांगितलेली पुस्ती शिष्यांनी खोडली की परंपरा कशी तयार होते, ते बघायला याहून चांगला नमुना नाही.

पण मुद्दा पुढचाच आहे. या ताफ्यातून आणि त्याच्या मागोमाग सोव्हिएत तज्ज्ञांच्या मदतीने उभ्या राहिलेल्या सरकारी लोकनृत्य ताफ्यातून, 'कौमिया'तून, निवृत्त झालेल्या नर्तक-नर्तकी पुढच्या चाळीस वर्षांत जगाच्या शिक्षक झाल्या. रकिया हसन रेदांच्या ताफ्यातली. मो गद्दावी तिथलेच, पुढे जर्मनीत स्थिरावलेले. कारण सरळ आहे. या मंडळींना तालमीत आकडे मोजून, रचना पाठ करून, आरशासमोर रांगेत शिकण्याची सवय होती. त्यामुळे त्यांना तसंच शिकवताही येत होतं. मुहम्मद अली रस्त्यावरच्या बाईला 'हे तू कसं केलंस?' विचारलं तर ती पुन्हा करून दाखवायची. रेदांच्या ताफ्यातली बाई 'पाच-सहा-सात-आठ' म्हणायची. परदेशी विद्यार्थिनीला दुसरी सोयीची. अशा रीतीने पोटाला झाकणाऱ्या माणसाची तालीम पोटाच्या नाचाची जागतिक शिक्षणपद्धत होऊन बसली. फरिदा फहमींनी 1987 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत रेदांच्या कामावरच प्रबंध लिहिला. रेदा समजून घ्यायचे तर आजही तिथूनच सुरुवात करावी लागते. रेदा 2020 मध्ये, नव्वदीत गेले. शेवटपर्यंत शिकवत होते.

वाजवणाऱ्यांना गुरू म्हणून मान देण्याची पद्धत या क्षेत्रात नाही, हा अन्याय आहे. नर्तकीचा स्वतःचा वाद्यवृंद असायचा तेव्हा तबला (हा आपला तबला नव्हे, मांडीवर आडवा घेतलेला पेल्याच्या आकाराचा एकमुखी ताशा म्हणा) वाजवणारा तिच्या कमरेकडे बघून वाजवायचा आणि ती त्याच्या बोटांकडे कान देऊन नाचायची. 'बलदी तक्सीम'मध्ये हे उघड दिसतं. सुरुवातीला अॅकॉर्डियन एकटंच, बिनतालाचं, रेंगाळत बोलतं. नर्तकीने इथे काय करायचं? जवळजवळ काही नाही. वजन एका पायावर, कंबर हळूच एक वेढा घेते, थांबते. मग अॅकॉर्डियन विचारतं, तबला उत्तर देतो, आणि कंबर त्या उत्तरावर पडते, आधी नाही. असे काही सवाल-जवाब झाले की 'मक्सूम'चा ताल उघडतो. शिकाऊ मुलगी पहिल्याच स्वराला हात-पाय हलवायला लागते. तिला थांबवणं हे अर्धं शिक्षण. लंडनवासी इजिप्शियन तालवादक होसाम रम्झी यांनी (2019 मध्ये ते गेले) नर्तकींना नेमकं हेच शिकवण्यात आयुष्यातली बरीच वर्षं घातली: आधी ऐका, वाद्य ओळखा, मग हला. ते नाचणारे नव्हते. ज्यांनी त्यांच्याकडे ऐकायला शिकून घेतलं त्यांच्या नाचात मात्र ते दिसतं.

आता अटलांटिकपलीकडे. 1893 च्या शिकागो प्रदर्शनातल्या 'कैरोचा रस्ता' या खेळापासून अमेरिकेला या नाचाचं वेड लागलं, पण तिथलं खरं शिक्षण विसाव्या शतकाच्या मध्यावर सुरू झालं. न्यूयॉर्कमध्ये लेबनीज वंशाच्या इब्राहिम फराह यांनी शिकवलं, ताफा चालवला आणि 1975 पासून 'अरेबेस्क' हे नियतकालिक दोन दशकांहून अधिक काळ काढलं. ज्यांनी त्यांच्या वर्गात पाऊल ठेवलं नाही त्याही त्यांच्या विद्यार्थिनी झाल्या. कॅलिफोर्नियात जमिला सालिमपूर. तरुणपणी ही सर्कशीत होती (पुन्हा सर्कस!). इजिप्शियन सिनेमे बघून, स्थलांतरित अरब आणि तुर्की कलाकारांना न्याहाळून तिने जे टिपलं त्याला स्वतः नावं दिली. अमका कंप अल्जीरियन, तमका झोक तुर्की, आणखी एक बघितलेल्या नर्तकीच्या नावाने. कैरोत ज्या हालचालींना कधी नावं नव्हती त्यांचा असा कोश झाला. बोटांतल्या झांजांचे बोल नाचतानाच वाजवले पाहिजेत, हा तिचा हट्ट. 1968 मध्ये तिने 'बाल अनात' हा ताफा काढला आणि मैदानी जत्रांत उतरवला: साप, तलवारी, मुखवटे, वेगवेगळ्या प्रांतांचे पोशाख, सगळं एकत्र. प्रेक्षकांना ते अस्सल पूर्वेकडचं वाटायचं. होतं ते सॅन फ्रान्सिस्कोचं.

जमिलाची शिष्या माशा आर्चर. तिने गुरूची कडक नावं आणि प्रांतवार भेद सोडले, पेहराव आणि ताठ, मानी उभं राहणं ठेवलं. माशाची शिष्या कॅरोलिना नेरिचिओ, चौदाव्या वर्षी वर्गात आलेली. तिने 1987 मध्ये स्वतःचे वर्ग सुरू केले आणि त्यातून 'अमेरिकन ट्रायबल' शैली उभी राहिली. तिथून जिल पार्कर, तिथून रेचल ब्राइस. दर पिढीत शिष्येने गुरूची एक गोष्ट ठेवली आणि बाकी फेकली. तरी पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत धागा तुटलेला दिसत नाही. गंमत म्हणजे आपल्या गुरुपरंपरेत जे बंड मानलं गेलं असतं ते इथे वारसा म्हणून मिरवलं जातं.

कॅरोलिनाची खरी कमाई म्हणजे तिने उत्स्फूर्तता समूहात आणली. चौघी-पाचजणी उभ्या राहतात. म्होरकी पुढे, डाव्या हाताला. सगळ्या जरा तिरक्या, म्हणजे मागच्यांना म्होरकीचा हात दिसतो. रचना ठरलेली नसते. म्होरकी हात एका विशिष्ट पद्धतीने उचलते, तेवढ्यावरून पुढची हालचाल कोणती हे बाकीच्या ओळखतात आणि पुढच्या ठोक्याला सगळ्या एकदम वळतात. म्होरकेपण फिरतं राहतं. कैरोत जी उत्स्फूर्तता एकटीच्या कानावर उभी होती, ती इथे खुणांच्या भाषेवर उभी राहिली. शिकवता येणारी, परीक्षा घेता येणारी.

या शैलीचा आपल्याशी थेट संबंध आहे. या नर्तकी कंचुकीसाठी चोळी वापरतात आणि तिला चोळीच म्हणतात. पोशाखावर आपल्याकडच्या आरसेकामाचे, कवड्यांचे तुकडे असतात. तासाची सुरुवात 'पूजा' नावाच्या संथ हालचालींनी होते, ज्यात जागेला, संगीताला, गुरूंना, सोबतिणींना वंदन आहे. भरतनाट्यम किंवा कथक शिकलेल्या मुलीला हे भूमिप्रणामासारखं ओळखीचं वाटेल, आणि जरा अवघडल्यासारखंही. दुसऱ्यांच्या संस्कृतीतलं काय उचलावं यावर अमेरिकेत वाद पेटला तेव्हा 2020 मध्ये कॅरोलिनाने शैलीच्या नावातला 'ट्रायबल' शब्द काढून टाकला. पूजेवर काय वाद झाला किंवा व्हायला हवा, यावर आपल्याकडे कोणी फारसं बोललं नाही.

नर्तकी कोणाच्या तालमीतली आहे हे ओळखायला कमरेचा साधा कंप पुरतो. कैरोतल्या शिक्षिकेकडची मुलगी तो गुडघ्यांतून काढते: टाचा जमिनीला, गुडघे आळीपाळीने सैल-ताठ, वजन खाली सोडलेलं, वरचं मांस आपसूक थरथरतं. जमिलाची मुलगी सुहैला सालिमपूर. तिच्या पद्धतीत नितंबाचे स्नायू उजवा-डावा असे आवळायचे, गुडघे शांत ठेवायचे, आणि हे कधी ठोक्याला, कधी अर्ध्या, कधी दुप्पट लयीत मोजून करायचं. सुहैलाने त्याला पायऱ्या-पायऱ्यांच्या परीक्षा जोडल्या. रेचल ब्राइसच्या वळणाच्या मुलीत पोटाच्या बाजूचे स्नायू पुढाकार घेतात, छाती उचललेली, हालचाल तुटक किंवा सापासारखी संथ, योगासनांची सवय स्पष्ट दिसणारी. बाहेरून तिन्ही कंपच. पण संगीत अचानक थांबलं तर पहिलीचं अंग क्षणभर थरथरत राहतं, दुसरी आणि तिसरी जागच्या जागी थबकतात. मला पहिली आवडते. दुसरीच्या गुडघ्यांना पुढे कमी त्रास होईल, हेही मान्य.

कैरोकडे परत येऊ, कारण पेच तिथे आहे. जानेवारी 1977 च्या दंगलींत पिरॅमिड रस्त्यावरचे कितीतरी नाइटक्लब जळाले. नंतरच्या दोन दशकांत धार्मिक वातावरण तापत गेलं, काही कलाकारांनी नाच-सिनेमा सोडला, लग्नांतली मागणी घटली. स्वतःचा मोठा वाद्यवृंद पोसणाऱ्या नर्तकी विरळ झाल्या. नगवा फौद या नर्तकीसाठी मुहम्मद अब्दुल वहाबांसारख्या संगीतकाराने खास संगीत रचलं होतं, तो काळ गेला. आणि मंच आटत असतानाच शिकणाऱ्यांची रीघ लागली. रकिया हसनने 2000 पासून 'अहलन व सहलन' महोत्सव भरवायला सुरुवात केली. दिवसभर नामवंतांचे वर्ग, रात्री कार्यक्रम, बाजारात पोशाख. दीना, रांदा कामेल या नर्तकींना घडवणारी ही बाई. तिच्या शब्दाला वजन होतं. जपान, रशिया, लॅटिन अमेरिकेतून बायका येऊ लागल्या. त्यातल्या काही कैरोतच राहून नाचू लागल्या, तेव्हा सरकारने 2003 मध्ये परदेशी नर्तकींना परवाने देणं बंद केलं आणि 2004 मध्ये पुन्हा सुरू केलं.

महोत्सवात दोन तासांत एक रचना मिळते. ठरलेल्या गाण्यावर, ठरलेल्या पावलांची. विद्यार्थिनी ती घरी नेते, बसवते, स्पर्धेत करते. यात वाईट काही नाही. पण बदियाच्या मंचावर जी मुलगी वर्षभर रोज रात्री उभी राहायची तिला प्रेक्षक कंटाळल्याचं कळायचं, वाजवणारा बदलल्याचं कळायचं, आज अंगात त्राण नाही तर कमीत कसं भागवायचं हेही कळायचं. तहियाचं जागेवर थांबणं अशाच रात्रींतून आलं असणार. दोन तासांच्या वर्गात ते येण्याची सोय नाही. आजची विद्यार्थिनी दहा गुरूंकडून दहा रचना गोळा करते आणि अॅकॉर्डियन रेंगाळलं की गांगरते.

मुंबई-पुण्यातल्या वर्गांत हे आणखी ठळक दिसतं. आपल्याकडे या नाचाची ओळख हेलनच्या गाण्यांनी करून दिली, ताजी लाट 2018 च्या 'दिलबर' गाण्याने आणली. त्यात नाचलेली नोरा फतेही स्वतः व्हिडिओ बघून, खोलीत सराव करून शिकल्याचं सांगते. तेव्हा तिच्याकडे बघून वर्गात आलेल्या मुलीला गुरू हवा असतो तो बहुधा त्या एका गाण्यापुरता. शिक्षिकांपैकी कोणी कॅलिफोर्नियाच्या पद्धतीच्या परीक्षा दिलेल्या, कोणी कैरोचे महोत्सव केलेले, कोणी दोन्ही. हिंदी गाण्यावर मक्सूमची कंबर बसवताना त्यांची होणारी ओढाताण मला प्रामाणिक वाटते. मात्र अरबी संगीत ऐकवण्यासाठी तासातली पंधरा मिनिटं राखणारी शिक्षिका कुठे दिसली, तर तिच्याकडे फी जरा जास्त असली तरी जावं.

इजिप्तमध्येही आता संस्था उभ्या करण्याची भाषा सुरू झाली आहे. बॅले शिकून या नाचात आलेल्या एमी सुल्तान यांनी 'तक्सीम' ही संस्था काढली आहे. या नाचाला देशाचा वारसा म्हणून मान्यता मिळावी हा त्यांचा आग्रह. अभ्यासक्रम, इतिहास, संगीत, सगळं रीतसर. कल्पना चांगली आहे. अडचण अशी, की अभ्यासक्रम पुरा केलेल्या इजिप्शियन मुलीला घरचे मंचावर उभं राहू देतील याची खात्री नाही, आणि उभं राहू दिलं तरी उभं राहायला मंच लागतो. सध्या कैरोतल्या श्रीमंत लग्नांत आणि नाइलवरच्या बोटींत नाचणाऱ्यांत ब्राझील, रशिया, युक्रेनकडच्या मुली पुष्कळ आहेत. सामिया-सुहैरचे जुने चित्रपट आणि महोत्सवांतले वर्ग यांवर त्या वाढल्या. त्यांच्या चित्रफिती मोबाइलवर बघून कैरोतल्या मुली बंद खोलीत सराव करतात.